रूपलचा पत्ता

पालघरजवळच्या माहीमच्या तळ्यावरची हंसा पन्नाशी उलटल्यावर बोईसरला वेबसाइट बनवायच्या क्लासला जाते, हे कळलं तेव्हा गावात जेवढी तोंडं तेवढी मतं झाली. साठी बुद्धी नाठी म्हणतात, हिची दहा वर्षं आधीच नाठी झाली, असं एकीने म्हटलं. दुसरी म्हणाली, "बरं हाय की. कृष्णकांतभाऊ मळ्यात पानं खुडणार नि वयनी कॉम्प्युटरवर पानं लावणार. दोघांचा धंदा एकच." हंसा त्यावर हसली. लोक आपली चेष्टा करायला लागले म्हणजे त्यांच्या लेखी आपलं दुःख जुनं झालं, हे तिला कळत होतं. तिच्या लेखी ते झालं नव्हतं.

कॉम्प्युटर तिला नवा नव्हता. तारापूरच्या एमआयडीसीत रंगांच्या एका कंपनीत तिने वीसेक वर्षं आवक-जावक सांभाळली होती. आलेलं टपाल कुठल्या टेबलावर जायचं, कुणाच्या सहीला जायचं, हे तिच्या हातात होतं. कंपनी बंद पडली आणि हंसा घरी बसली. त्यानंतर वर्षभरात तिची रूपल गेली.

रूपल एकुलती एक. चिंचणीच्या खारीवरच्यांकडे धीरजला दिली होती. घर चांगलं, वाडी चांगली, पोरगा देखणा नि अबोल. सासरी काही म्हणून कमी नव्हतं, फक्त नाव गेलं. लग्नात ताटातल्या तांदळावर धीरजने अंगठीने 'समिधा' असं लिहिलं आणि मांडवात टाळ्या पडल्या. आजकालच्या पोरी नावं बदलत नाहीत, पण धीरजची आई मैनाबाई जुन्या वळणाची. गुरुजींनी मुलाच्या पत्रिकेवरून काढलेलं नाव, ते लागलंच पाहिजे. हंसाने त्यात काही वावगं मानलं नाही. तिचं स्वतःचंही माहेरचं नाव वेगळं होतं, आणि त्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. पण लेकीला तिने नव्या नावाने कधी म्हणजे कधीच हाक मारली नाही. फोन करायची तेव्हा मैनाबाईंना म्हणायची, "रूपलला द्या जरा." आणि मैनाबाई पलीकडून ओरडायच्या, "समिधा, तुझ्या आईचा फोन हाय."

आठव्या महिन्यात रूपलला कावीळ झाली. साधी असेल म्हणून आधी झाडपाला झाला, मग पालघरचा डॉक्टर झाला, मग मुंबईला न्यायचं ठरलं. मुंबई लागायच्या आतच पोटातलं बाळ आणि बाळाची आई दोघंही गेली. हे लिहायला एक ओळ पुरते, याचा राग येतो, पण त्यापेक्षा जास्त त्यात काही घडलंच नाही.

वर्षश्राद्ध झालं आणि धीरजचं दुसरं लग्न झालं. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तिशीतला पोरगा, आईचे गुडघे गेलेले, घरात दिवा लावायला माणूस हवं. हंसाने स्वतःच "करा" म्हणून निरोप धाडला होता. पण नवी सून यायच्या आधी भिंतीवरचा रूपलचा फोटो उतरवला, हे जेव्हा कानावर आलं तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. त्या घरातून आपली पोर जणू पुसूनच टाकली, असं तिला वाटलं. आणि ते काही फार चुकीचं नव्हतं.

त्याच सुमारास समाजाने वेबसाइट काढायची ठरवली. आपल्याकडे अर्ध्या गावाचं आडनाव एकच, त्यामुळे आडनावावर माणूस सापडत नाही. सापडतो तो घराच्या नावावर. तळ्यावरचे, खारीवरचे, पाणंदीतले, मोठ्या आंब्याचे. टपालवाल्यालाही तेवढंच पुरतं. समाजाचे चिटणीस शांतारामकाका यांची कल्पना अशी की वेबसाइटवर प्रत्येक घराला त्याच्या नावाने पत्ता द्यायचा आणि घरातल्या प्रत्येक माणसाचं त्यात एक पान करायचं. कल्पना छान होती, पण काम करणार कोण? तरुण मंडळी सभेत माना डोलावून गेली ती गेलीच. तेव्हा हंसा उठली आणि म्हणाली, "मी शिकते."

तिला ती वेबसाइट नको होती. तिला तिच्यातलं एकच पान हवं होतं. रूपलचं, आणि तेही खारीवरच्यांच्या घरात. जिथे तिला दिली, जिथून तिचा फोटो उतरवला, तिथेच.

भाग्येशचा क्लास बोईसर स्टेशनच्या पश्चिमेला, एका मोबाइलच्या दुकानावर. मास्तर तिच्या लेकीहून लहान. तो फळ्यावर लिहायचा आणि सांगायचा, "काकी, वर जो पत्ता टाकतो त्याला यूआरएल म्हणायचं. तो आला की फ्रेमवर्क, म्हणजे मागे चालणारा तयार प्रोग्रॅम, आपल्याकडची रस्त्यांची यादी वरून खाली बघत येतं. पहिल्यांदा जिथे जुळेल तिथे थांबतं. पुढचं बघतसुद्धा नाही. मग त्या रस्त्याला जे काम बांधलंय त्याला हाक मारतं. ते काम टेम्प्लेट उचलतं, म्हणजे आपला साचा, त्यातल्या रिकाम्या जागा भरतं आणि पान पाठवून देतं." हंसाला हे पटकन उमगलं. आलेलं टपाल योग्य टेबलावर, आणि टेबलावर छापील मसुदा तयार. बाकीच्या पोरी कॉलेजातून आलेल्या, त्यांची बोटं भराभर चालायची. हंसाची एक-एक करून चालायची, पण चालायची.

पहिला पाठ होता तो नमस्काराचा. पत्त्यात 'नमस्कार' लिहायचं, त्यापुढे तिरकी रेघ, त्यापुढे कुठलंही नाव. पानावर त्या नावाला नमस्कार आला की जमलं. पोरींनी आपापली नावं टाकली, एकीने नटाचं टाकलं, हशा झाला. हंसाने रूपलचं टाकलं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं: नमस्कार, रूपल.

ती बघत राहिली. रूपल गेल्यापासून तिच्याखेरीज कुणी ते नाव घेतलं नव्हतं. नवरा कृष्णकांतसुद्धा 'ती' म्हणायचा. नातेवाईक 'तुमचं ते झालं तेव्हा' म्हणायचे. आणि हे एक यंत्र, शिकवलं तसं, बिनदिक्कत नाव घेऊन मोकळं झालं. भाग्येश मागून म्हणाला, "जमलं की काकी." तिने मान हलवली आणि पदराने चष्मा पुसला.

पावसाळा सरता सरता वेबसाइटचा सांगाडा उभा राहिला. सगळ्या घरांसाठी एकच रस्ता: घर, मग घराचं नाव, मग माणसाचं नाव. सगळ्या माणसांसाठी एकच साचा: नाव, फोटो, माहेर, जोडीदार, शिक्षण, सध्या राहणार, अपत्यं. शांतारामकाका बघायला आले तेव्हा त्यांना रिकाम्या जागा खटकल्या. पोरंसोरं माहिती अर्धवट देतात, पान दात पडल्यासारखं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. मग हंसाने साच्यात सोय केली. जिथे काही भरलेलं नसेल तिथे आपोआप 'माहिती लवकरच' असं उमटायचं. काका खूश झाले.

त्याच बैठकीत तिने विचारलं. आवाज जमेल तेवढा साधा ठेवून विचारलं, "काका, गेलेल्या माणसांचं काय?"

"गेलेल्यांचं नाय घ्यायचं," काका म्हणाले. माणूस वाईट नव्हता. "एकाचं घेतलं की सगळ्यांचे आजे-पणजे येतील, हंसा. वेबसाइट हयात माणसांची. आणि लग्न झालेल्या मुली सासरच्या घरात, सासरच्या नावानं. नियम सगळ्यांना सारखा." मग त्यांना काय ते आठवलं असावं, कारण त्यांनी चहाचा कप उगाच उचलला आणि खाली ठेवला.

घराघरांतून व्हॉट्सॅपवर माहिती येऊ लागली. एके दिवशी खारीवरच्यांची आली. हंसा ओळीने भरत चालली होती. मैनाबाई. धीरज. मग पुढचं नाव वाचलं. समिधा. त्यांनी लिहिलं, असं तिच्या मनात आलं. आपल्या पोरीला त्यांनी घरात ठेवलं. मग तिने त्यापुढचं वाचलं. माहेर: मनोर. सोबतच्या फोटोत निळ्या साडीतली एक सावळी पोरगी होती, नुकतीच केस विंचरल्यासारखी.

दुसऱ्या सुनेलाही तेच नाव ठेवलं होतं. नंतर कुणाकडून तरी मैनाबाईंचं म्हणणं तिच्यापर्यंत पोचलं. नाव धीरजच्या पत्रिकेवरून काढलेलं, ते बायकोगणिक कशाला बदलायचं? दारावर 'धीरज-समिधा' अशी पितळी पाटीही होतीच. मैनाबाईंनी हे दुष्टपणाने केलं नसणार. पण दुष्टपणाने केलेलं परवडतं, त्यावर निदान भांडता येतं. खारीवरच्यांच्या घरात रूपलची जागा भरली होती, नावासकट भरली होती, आणि पाटीसुद्धा बदलावी लागली नव्हती.

त्या दुपारी हंसाने आयुष्यात पहिल्यांदा कामात लबाडी केली. आवक-जावकीत वीस वर्षं एक कागद इकडचा तिकडे न करणारी बाई. भाग्येशने शिकवलं होतं ते तिला पाठ होतं: यादी वरून खाली, पहिलं जुळलं की तिथेच थांबतं. तिने सर्वांच्या रस्त्याच्या वर एक ओळ घातली. घर, खारीवरचे, समिधा. आणि त्या ओळीला एक वेगळं पान बांधलं, साच्याबाहेरचं, हाताने लिहिलेलं. वर 'सौ. समिधा धीरज'. त्याखाली 'निधन' आणि तारीख. त्याखाली रूपलचा पिवळ्या साडीतला फोटो. ते नाव लिहिताना तिने दात आवळले होते, पण त्या घरात ती त्याच नावाची होती, आणि हंसाला तिला त्या घरात बसवायची होती. रूपल हे नाव तिने त्यांना दिलं नाही. ते तिचं होतं.

निळ्या साडीतल्या पोरीचं पान खाली होतंच, सगळी माहिती भरलेलं. फक्त तिथवर आता कुणी पोचणार नव्हतं.

वेबसाइट सुरू झाली. पालघरच्या हॉलमध्ये नारळ फुटला, हंसाला शाल मिळाली, भाषणात तिचं कौतुक झालं. कुणीच खारीवरच्यांचं पान उघडून पाहिलं नाही. घरी येऊन तिने स्वतः पाहिलं. पिवळी साडी. तिला वाटलं होतं, आपल्याला शांत वाटेल. तसं वाटलं नाही, पण झोप लागली.

चौथ्या की पाचव्या दिवशी, कृष्णकांत मळ्यात असताना, दारात एक स्कूटी थांबली. निळ्या साडीतली पोरगी आज पंजाबी ड्रेसमध्ये होती, तरी हंसाने ओळखलं. चोराच्या मनात चांदणं. ती पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "काकी, आत येऊ?"

हंसाने पाणी दिलं. पोरीने ते पिऊन भांडं नीट पालथं घातलं.

"मी न उघडताच आईला लिंक पाठवलेली," ती म्हणाली. "बघ म्हटलं, माझं पान आलंय. आमच्या मनोरला त्या दिवशी नेट हळू व्हतं. फोटो उघडला नाय. तिला नुसतं नाव दिसलं, नि खाली निधन. तारीख बघायला तिला सुचलंच नाय. मला फोन लावला, माझा फोन आत, मी वाडीत. मग सगळी जीप करून आली. रडत आली काकी, सगळी. मी माठाची भाजी निवडत व्हते. आई मला हात लावून लावून बघत व्हती."

मुंबईच्या वाटेवर, गाडीत, हंसानेही रूपलला असाच हात लावून लावून पाहिलं होतं. आपण हे दुसऱ्या एका आईला केलं, असं तिच्या डोक्यात आलं, आणि मग डोक्यात दुसरं काही येईनाच.

"मी केलं ते," ती म्हणाली. "चुकून नाय झालं. मुद्दाम केलं."

"ठाऊक हाय."

"मग शिव्या दे मला."

पोरीच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर काळ्या दोऱ्यात ओवलेलं काहीतरी होतं, ते तिने ड्रेसच्या आतून बाहेर काढलं. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उठवलेली एक बाई. हंसाने बघताक्षणी ओळखलं. दुसरेपणावर दिलेल्या मुलीच्या गळ्यात सवतीचा टाक बांधतात, गेलेलीचा मान राहावा म्हणून.

"पयलं हळदकुंकू हिला लावते, मग मला," ती म्हणाली. "सणाला पयला घास हिचा. साडी घेतली तर पयल्यांदा हिच्यासमोर ठेवते. पण टाकावर तोंड नसतं ना काकी. फोटो घरात कुठं दिसला नाय, विचारायची हिंमत नाय. तुमी लावलेलं पान मी रात्री उघडलं तवा पयल्यांदा तोंड बघितलं. पिवळी साडी छान दिसते तिला." मग म्हणाली, "सवतीचं माहेर ते आपलं माहेर, असं आमची आजी सांगते. म्हणून आले. भांडायला नाय आले."

हंसाला वाटत होतं की त्या घराने तिची पोर पुसली. आणि इतके दिवस ती या परक्या पोरीच्या गळ्यात होती, तिच्या आधी कुंकू लावून घेत होती. हंसा रडली. रूपल गेली तेव्हाही अशी रडली नव्हती. पोरगी उठून जवळ आली नाही, पाठीवर हात वगैरे फिरवला नाही, तिथेच बसून राहिली आणि तीही रडली.

मग तिने विचारलं, "तिचं नाव काय व्हतं? आमच्याकडे समिधाच म्हणतात. खरं नाव काय?"

हंसाने पदराने नाक पुसलं. "रूपल."

"रूपल," पोरगी म्हणाली, सावकाश. टाक मुठीत धरून परत एकदा म्हणाली. "मी हेतल."

हंसाने कॉम्प्युटर लावला आणि तिच्यादेखत ती वरची ओळ पुसली. मग पत्ता टाकून दाखवला. घर, खारीवरचे, समिधा. निळ्या साडीतली हेतल आली, माहेर मनोर, सगळं व्यवस्थित. हेतलने ते पाहिलं, मान हलवली, आणि तिचा चेहरा काही खुलला नाही. "मग ती आता कुठं?" तिने विचारलं. जाताना हेतल पाया पडली, आणि हंसाने उंबऱ्याशी तिची ओटी भरली, माहेरवाशिणीची भरतात तशी. घरात नारळ होता, तांदूळ होते. मळ्यातली पानं होती.

स्कूटीचा आवाज पाणंदीत विरला. हंसा परत येऊन बसली. तिने तळ्यावरच्यांचं घर उघडलं, स्वतःचं. त्यात दोनच माणसं होती. तिने तिसरं घातलं. या वेळी वरून ओळ नाही, वेगळं पान नाही. सगळ्यांचा रस्ता तोच तिचा, सगळ्यांचा साचा तोच तिचा. शांतारामकाका बघतील तेव्हा बघतील. नाव: रूपल. फोटो, माहेर, जोडीदार, बी.कॉम. ज्याला जे उत्तर होतं ते भरलं, ज्याला नव्हतं ते सोडून दिलं. आणि पत्ता टाकला.

कृष्णकांत मळ्यातून आला तो हात न धुताच मागे येऊन उभा राहिला. त्याला चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं, पण फोटो दिसत होता. "काय लिवलंय?" त्याने विचारलं. "वाच."

हंसाने वाचायला घेतलं. "रूपल. शिक्षण बी.कॉम. सध्या राहणार..." ती अडली.

मरणाला त्या साच्यात जागाच नव्हती, तो हयात माणसांचा होता. आणि रिकामं काही राहू नये अशी सोय तिनेच तर केली होती.

"सध्या राहणार, माहिती लवकरच," तिने वाचलं. "अपत्यं. माहिती लवकरच."

कृष्णकांतच्या हाताला पानवेलीचा वास येत होता. मग तो म्हणाला, "रूपलचं तेवढं ऱ्हाऊ दे तसंच."

दोन वर्षांत त्याने पहिल्यांदा नाव घेतलं होतं. ती दोन वाक्यं एका पानापुरती कशी झाकायची, ते हंसाला येत होतं, भाग्येशने शिकवलं होतं, दोन ओळींचं काम. तिने ते केलं नाही. आजही तो पत्ता टाकला की पिवळ्या साडीतली रूपल येते, आणि खाली लिहिलेलं असतं की माहिती लवकरच.